बडोद्यातला एक रीफ टँक: शंख, कोळंबी आणि खेकडे निवडताना

पार्श्वभूमी

बडोद्याच्या कारेलीबाग भागातलं एक मराठी कुटुंब. काका कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंता, काकू, आणि प्राणिशास्त्र शिकणारी मुलगी. ओळख पटू नये म्हणून घराचे काही तपशील बदलले आहेत. मी शहरातल्या काही घरांतल्या समुद्री टँकांची देखभाल करायला मदत करतो; या घरी माझं जाणं-येणं सुरू झालं ते टँकमधले शंख मरायला लागल्यावर.

रीफ टँक म्हणजे प्रवाळांसह समुद्री प्राणी ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. हा चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण 255 लिटरचा. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी, त्यात फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर. माशांत क्लाउनफिशची जोडी, एक वॉचमन गोबी, एक फायरफिश. प्रवाळांत तीन-चार रंगांचे झोअँथिड (फुलांच्या गुच्छांसारखे दिसणारे मऊ जीव), मश्रूम आणि एक लेदर कोरल. दगडी सांगाडा करणारी प्रवाळं काकांनी ठरवून ठेवली नव्हती, कारण ती 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. "मऊ प्रवाळांतच इतकं बघण्यासारखं आहे," असं ते म्हणत, आणि खरंच त्यांच्या टँकसमोर बसलं की अर्धा तास कसा गेला ते कळत नसे.

तापमान 26 अंश, पाण्याची सापेक्ष घनता 1.025, अल्कलिनिटी, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांचं मोजमाप, 8 डीकेएचच्या आसपास. वहीत सगळं रोज लिहिलेलं. एवढा नेटका माणूस असूनही टँक बिघडत होता, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

अडचण

उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम दिसू लागल्या. दगडांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ वाढलं, आणि कपारींतून एप्टेशिया डोकावू लागली. एप्टेशिया ही छोटी, तपकिरी, पारदर्शक समुद्रफुलं. लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे जिवाणू आणि जीव वस्तीला असलेल्या समुद्री दगडांबरोबर, नकळत येतात, शेजारच्या प्रवाळाला डंख मारतात, आणि ओढून काढायला गेलं तर मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतात.

दुकानदाराने उपाय सांगितला तो सगळीकडे सांगतात तोच: क्लीन-अप क्रू, म्हणजे शेवाळ आणि उरलंसुरलं खाणारे शंख-कोळंबी-खेकडे सोडा. काकांनी आधी दहा टर्बो शंख आणले. पहिल्या दोन दिवसांत ते काचेवरून घसरून वाळूवर पडले, पाय अर्धवट बाहेर, आणि आठवड्याभरात सगळे मेले. एका क्लीनर कोळंबीचंही तेच झालं. दुकानदार म्हणाला, "काका, पाणी हळूहळू जुळवायला हवं होतं." पण काकांनी तासभर थेंब-थेंब पाणी सोडूनच प्राणी टँकमध्ये घातले होते. मासे मात्र ठणठणीत होते.

मासे ठीक आणि शंख-कोळंबी मरतात, असं चित्र दिसलं की माझ्या मनात पहिला संशय तांब्याचा येतो. इथे त्याला आणखी एक दुजोरा मिळाला, तो मुलीकडून. ती म्हणाली, "दादा, पूर्वी रात्री टॉर्च मारला की काचेवर पांढरे ठिपके पळायचे. आता दोन महिन्यांत एकही दिसला नाही." ते ठिपके म्हणजे कोपेपॉड, कोळंबीचेच सूक्ष्म नातेवाईक. तेही गेले होते.

तांबं आलं कुठून? घरात एप्रिलमध्ये नवा वॉटर प्युरिफायर बसवला होता, पाण्यात मुद्दाम तांबं मिसळणारा. आजी असताना घरात तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायची पद्धत होती, त्याच विश्वासाने तो घेतलेला. टँकमध्ये बाष्पीभवनाची भरपाई करायला आणि मीठ कालवायलाही तेच पाणी वापरलं जात होतं. "आर.ओ.चं पाणी आहे," असं काका खात्रीने सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

हिशोब मांडला तेव्हा सगळे गप्प झाले. मे महिन्यात बाहेर 42 अंश, टँकवर पंखे सुरू, रोज साधारण पाच लिटर पाणी उडून जायचं. दोन महिन्यांत तीनशे लिटर, म्हणजे अख्ख्या टँकपेक्षा जास्त भर. पाणी उडतं, तांबं उडत नाही. ते टँकमध्येच साठत जातं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध देतात तेव्हा आयनरूप तांबं लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ठेवतात, आणि तेवढ्यानेही शंख-कोळंबी मरतात म्हणून ते औषध कायम वेगळ्या टँकमध्ये द्यायचं असतं. माणसाला निर्धोक असलेलं पाणी कोळंबीला जीवघेणं ठरतं, ते असं.

कोळंबीच्या आणि बहुतेक शंखांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्यावरच बनलेलं असतं. म्हणजे तांबं त्यांना लागतं. पण पाण्यात मोकळं तांबं वाढलं की कल्ल्यांचं क्षार सांभाळण्याचं काम कोलमडतं. तांबं तपासायच्या किटमध्ये टँकच्या पाण्याला फिकट पण स्पष्ट निळी छटा आली.

शेवाळाचं मूळही त्याच यंत्रात होतं. अशा घरगुती यंत्रात चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो. तो आर.ओ.तून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळतो. मीटरवर टीडीएस साठच्या वर दिसत होता. त्या पाण्याबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट रोज थोडं-थोडं आत जात होतं.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय पाण्याबद्दल होता. सगळे दगड आणि वाळू फेकून नव्याने सुरुवात करायची, की आहे तेच स्वच्छ करायचं? दगड-वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात, हा नव्याने सुरू करण्याच्या बाजूचा मुद्दा. उलट बाजूला, प्रवाळं अर्धवट मिटत असली तरी जिवंत होती, आणि दगडांवरचे जिवाणू गेले असते तर अमोनियाचा नवा धोका उभा राहिला असता. काकांनी स्वच्छ करण्याचा मार्ग निवडला. पातळी कमी होती, म्हणून मलाही तो पटला. हीच पातळी औषधाच्या मात्रेइतकी असती तर मी दगड बदला असंच म्हटलं असतं.

दुसरा निर्णय प्राण्यांचा. दुकानात एक तयार संच होता, सगळ्यावर "रीफ-सेफ", म्हणजे प्रवाळांना धोका नसलेला, अशी चिठ्ठी. मी काकांना एकच प्रश्न प्रत्येक प्राण्याला लावायला सांगितला: ज्यासाठी याला आणतोय ते खाणं संपल्यावर हा काय खाईल? त्या प्रश्नापुढे अर्धा संच टिकला नाही.

चॉकलेट चिप तारामासा दिसायला देखणा, पण तो स्पंज आणि मऊ प्रवाळंही खातो. झोअँथिडच्या टँकमध्ये त्याला जागाच नाही. वाळू चाळणारा तारामासा प्रवाळांना हात लावत नाही, पण वाळूतले जीव खाऊन संपवतो आणि मग उपाशी मरतो. चार फुटी टँकमध्ये त्याला वर्षभर पुरेल इतकं अन्न नसतं. हळूहळू उपासमारीने मरणारा प्राणी विकत घेणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही, तो कितीही सुरक्षित म्हणून विकला जात असला तरी.

सॅली लाइटफूट खेकडा लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की झोपलेले छोटे मासे धरतो. फायरफिश रात्री कपारीत शिरून झोपते, त्यामुळे तो बाद. अॅरो क्रॅब काट्याचे किडे खातो, पण पंखकिडे (पिसाऱ्यासारखं तोंड असलेले समुद्री किडे) आणि लहान कोळंबीही सोडत नाही. एमरल्ड खेकडा बुडबुड्यांचं शेवाळ खातो म्हणून आणतात. काकांकडे ते शेवाळच नव्हतं, मग खेकडा कशाला?

संचात एक समुद्रकाकडीही होती. ती घेऊ नये याची दोन स्वतंत्र कारणं आहेत. समुद्रकाकडीच्या सगळ्या जाती 2001 पासून पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे ती बाळगणं गुन्हा आहे. आणि घाबरली, जखमी झाली किंवा पंपात अडकली तर ती सोडत असलेल्या विषाने टँकमधले मासे मरू शकतात. दुकानदाराला पहिलं कारण माहीत नव्हतं असं तो म्हणाला. मुलीने त्याला कायद्याची अनुसूची मोबाइलवर उघडून दाखवली.

तिसरा पर्याय घरातूनच आला. काकांचा पुतण्या जामनगरला असतो. ओहोटीला नराराच्या किनाऱ्यावर शंख आणि शंखखेकडे पायाखाली येतात, दोन-चार घेऊन येतो, असं तो फोनवर म्हणाला. बडोद्याला जवळचा समुद्र खंबातच्या आखाताचा, गढूळ आणि प्रचंड भरती-ओहोटीचा. प्रवाळ बघायचं तर कच्छच्या आखाताकडेच जावं लागतं, त्यामुळे हा मोह मी इतर घरांतही पाहिला आहे. पण नरारा सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतं. 1982 साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि तिथून रिकामा शिंपलासुद्धा उचलायचा नसतो. शिवाय उचललेला शंख कोणता हे किनाऱ्यावर कोण ओळखणार? कोन शंख दिसायला सुंदर नक्षीदार असतो, पण त्याच्याकडे विषारी बाण असतो. त्यातल्या कोनस जिओग्राफसच्या डंखाने माणसं मेली आहेत. काकूंनी पुतण्याला स्पष्ट सांगितलं, "तू ये, शंख नको आणूस."

शेवटचा पर्याय, प्राणी मुळीच न आणता हाताने शेवाळ काढणं आणि एप्टेशियाला चुन्याची सुई देणं. हा पर्याय मी नेहमी मांडतो, कारण पुष्कळदा तो पुरतो. इथे आम्ही तो पहिली पायरी म्हणून घेतला.

काय केलं

पाण्यापासून सुरुवात. टँकसाठी वेगळं आर.ओ.-डी.आय. युनिट, म्हणजे आर.ओ.नंतर उरलेले क्षारही काढणारं, मीटरवर शून्य दाखवणारं. त्या पाण्यात कालवलेल्या मिठाने दर आठवड्याला पाऊण भाग जुनं ठेवून पाव भाग पाणी बदललं. सम्पमध्ये सक्रिय कोळसा आणि तांबं पकडणारं रेझिन. किट काही आठवड्यांत शून्य दाखवू लागलं, पण तिथे थांबायचं नाही असं आधीच ठरलं होतं, कारण घरगुती किटला जे दिसत नाही तेवढं तांबंही कोळंबीला त्रास देऊ शकतं. आम्ही कोपेपॉडची वाट पाहिली. थोडे कोपेपॉड माहितीतल्या एका टँकमधून आणून सोडले आणि मुलगी रोज रात्री टॉर्चने काच बघू लागली. ते टिकले, वाढले, तेव्हाच पुढचं पाऊल टाकलं. या वाटेला वेळ लागला, आणि काकांचा धीर दोन-तीनदा सुटत आला. तरी किटपेक्षा हीच परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

मोठ्या एप्टेशियावर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट सुईने तोंडात सोडली. पानाचा चुना वापरू नये. त्यात काय-काय असतं ते सांगता येत नाही. प्रवाह बंद ठेवायचा, एका वेळी दोन-तीनच घ्यायच्या, कारण पीएच चढतो.

मग सहा टर्बो आणि काही सेरिथ शंख. सेरिथ रात्री वाळूवर आणि वाळूत फिरतो, टर्बो दगड साफ करतो. "दर चार लिटरला एक शंख" असा एक हिशोब सांगितला जातो. त्याने या टँकमध्ये साठहून जास्त शंख गेले असते, शेवाळ पंधरवड्यात संपलं असतं आणि मग मेलेल्या शंखांनी पाणी बिघडवलं असतं.

लहान एप्टेशियासाठी पेपरमिंट कोळंबी हवी होती. दुकानदाराने तीन आणल्या, किंमत अनपेक्षितपणे कमी. इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय झाला. काका म्हणाले, "थेट सोडू, किती दिवस वाट बघायची?" मुलगी म्हणाली, आधी चाळीस लिटरच्या वेगळ्या टँकमध्ये. मी मुलीच्या बाजूने होतो. त्या टँकमध्ये एप्टेशिया असलेला एक छोटा दगड आणि झोअँथिडचा एक लहान तुकडा ठेवला. तुकडा कापताना हातमोजे आणि चष्मा; काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं.

तिसऱ्या रात्री मुलीने लाल दिव्यात पाहिलं. कोळंबीला लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ती मोकळेपणाने वावरते. तिन्ही कोळंबी झोअँथिडवर बसून पॉलिप, म्हणजे त्याची एकेक फुलं, ओढत होत्या. एप्टेशियाकडे कुणी बघतही नव्हतं. तिने व्हिडिओ पाठवला तेव्हा चित्रावरूनच कळलं: ही पेपरमिंट नव्हे, कॅमल कोळंबी, राइंकोसिनेटिस डर्बनेन्सिस. अंगावर लाल पट्ट्यांमध्ये ठळक पांढऱ्या रेषा आणि ठिपके, मोठे गोल डोळे, वर वळलेली चोच, पाठीला कुबड. पेपरमिंट म्हणजे लिस्माटा गटातली कोळंबी. अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर बारीक लाल रेघा, पांढरा रंग कुठेच नाही. एकदा शेजारी-शेजारी पाहिल्या की पुन्हा चूक होत नाही. कॅमल कोळंबी हिंद-प्रशांत महासागरातली, आपल्याकडे सहज येते. विश्वासू पेपरमिंट बहुतेक अटलांटिकच्या बाजूची, म्हणून महाग. कमी किंमत हा पहिला इशारा होता.

दुकानदाराला व्हिडिओ दाखवला. त्यालाही वरून पेपरमिंट म्हणूनच माल आला होता. त्याने कोळंबी परत घेतल्या आणि प्रवाळ नसलेल्या टँकवाल्या गिऱ्हाइकाला सांगून दिल्या. पुढच्या वेळी काकांनी आधी फोटो मागवले, मग पैसे दिले.

काय झालं

खऱ्या पेपरमिंट आल्यावर त्यांनाही त्याच वेगळ्या टँकमध्ये ठेवलं. लहान एप्टेशिया नाहीशा झाल्या, झोअँथिड तसेच राहिले. मुख्य टँकमध्ये त्या दिवसा दिसत नाहीत. रात्री काम करतात. एका सकाळी काकूंना दगडावर आख्खी कोळंबी मेलेली दिसली आणि त्यांचा फोन आला, आवाज रडवेला. ती टाकलेली कात होती. कोळंबी वाढताना कवच सोडते. नंतरचे एक-दोन दिवस ती मऊ असते आणि लपून बसते, तेव्हा तिला शोधायला दगड हलवू नयेत. काकूंना मोजताना तिन्ही दिसल्या तेव्हा कुठे जेवण गेलं.

शेवाळ पूर्ण गेलं नाही. पंपाच्या मागे आणि एका दगडाच्या वरच्या कडेला अजून आहे, आणि शंखांना खायला तेवढं असलेलं बरं. पाणी बदलल्यामुळे ते जितकं कमी झालं तितकं शंखांमुळे झालं नाही, असं माझं मत आहे.

एक नुकसान झालं. काकांनी माझ्याशी न बोलता चार निळ्या पायांचे शंखखेकडे आणले. प्रवाळांना ते त्रास देत नाहीत, ते खरं. पण वाढताना त्यांना मोठं घर लागतं, आणि रिकामा शिंपला नसेल तर जिवंत शंखाचा घेतात. दोन सेरिथ असे गेले. वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख वाळूवर टाकल्यावर ते थांबलं. ते शंखही आधी उकळून, आर.ओ. पाण्यात भिजवून, रंग किंवा पॉलिश नाही ना ते बघून घातले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दहा शंखांच्या आधीच भरपाईच्या पाण्याचा टीडीएस आणि तांबं तपासायला हवं होतं. मीटर आणि किटचा खर्च मेलेल्या शंखांपेक्षा कमी आहे. घरात नवा प्युरिफायर, नवी पाइपलाइन, नवा नळ, काहीही बदललं की ते टँकच्या वहीत लिहावं. काकांच्या वहीत सगळे आकडे होते, प्युरिफायर नव्हता.

दहा शंख एकदम आणण्याऐवजी दोन आणले असते तर आठ वाचले असते. हे मला सगळ्यात जास्त लागतं. दुकानात "क्रू" म्हणून संच विकतात, त्यामुळे आपण एकेका प्राण्याचा विचारच करत नाही.

पेपरमिंटबद्दलही एक शंका मी काकांना सांगून ठेवली आहे. एप्टेशिया संपल्यावर त्यांनाही रात्री वेगळं खाणं द्यावं लागेल, नाहीतर उपाशी लिस्माटाही झोअँथिड चिवडून बघते. दिवे बंद झाल्यावर गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारखे बारीक जीव) थोडा भाग त्यांच्या कपारीपाशी सोडायचा, हे आता काकूंनी स्वतःकडे घेतलं आहे.

सध्या काकांच्या मनात टक्सिडो अर्चिन, म्हणजे काटेरी गोळ्यासारखा एक समुद्री प्राणी, आहे. शेवाळाच्या उरलेल्या पट्ट्यावर तो उत्तम काम करेल, आणि आकाराने या टँकला झेपतो. पण तो अंगावर सुटे दगड-शिंपले चढवून फिरतो, आणि काकांचे झोअँथिडचे नवे तुकडे अजून नुसते ठेवलेले आहेत, चिकटवलेले नाहीत. तुकडे इपॉक्सी गोंदाने पक्के होईपर्यंत थांबा, असं मी म्हटलं आहे. मुलीने चाळीस लिटरचा टँक तोवर भरून, पाणी तपासून ठेवला आहे.